याद्यांत न येणारा खर्च

लग्न ठरलं की आपल्याकडे याद्या होतात. कार्यालयाचं भाडं कोणाकडे, जेवणावळ कोणाकडे, मानपानाच्या साड्या किती, मुलीच्या अंगावर कोणी काय घालायचं, हे सगळं दोन्हीकडची वडीलधारी मंडळी कागदावर उतरवतात आणि खाली सह्या करतात. मुलगा किंवा मुलगी लंडन-लेस्टरकडे स्थायिक असेल, तर त्या लग्नातला सगळ्यात ठोस आणि घासाघीस न चालणारा खर्च मात्र या कागदावर क्वचितच येतो. तो म्हणजे जोडीदाराला तिकडे नेण्याचा सरकारी खर्च. एप्रिल २०२५ च्या ब्रिटिश दरपत्रकाप्रमाणे भारतातून करायच्या पहिल्या अर्जाची फी १,९३८ पौंड. त्यासोबत सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पौंड, तोही आगाऊ आणि एकरकमी. व्हिसा मिळतो तेहेतीस महिन्यांचा, पण अधिभार मोजताना वरच्या नऊ महिन्यांचं अख्खं वर्ष धरतात, म्हणून ३,१०५ पौंड. ती मुदत संपत आली की मुदतवाढीचा अर्ज, त्याची फी १,३२१ पौंड आणि अडीच वर्षांचा अधिभार २,५८७ पौंड ५० पेन्स. पाच वर्षं भरली की कायम वास्तव्याचा अर्ज, ३,०२९ पौंड. बेरीज ११,९८० पौंडांवर जाते. पौंड ११५ रुपयांचा धरला तर जवळपास पावणेचौदा लाख. क्षयरोगाची तपासणी, इंग्रजीच्या परीक्षा, ‘लाइफ इन द यूके’ ही ५० पौंडांची चाचणी, कागदपत्रांची भाषांतरं, विमानाचं तिकीट आणि वकील केलाच तर त्याची फी, हे सगळं वेगळं.

रक्कम डोळे पांढरे करणारी आहे खरी, पण तेवढ्यावर थांबलं तर ती नुसती कुरकुर होते. मुद्दा पुढचा आहे. हा खर्च कुठल्या सेवेचं मोल म्हणून घेतला जात नाही, तो लग्नावर बसवलेला कर आहे. खोटी लग्नं अडवण्यासाठी तो आहे असं सांगतात, पण या चाळणीत अडकतात ती कमी पगारावर जगणाऱ्यांची खरी लग्नं. आणि या कराचा सगळ्यात जड हप्ता पैशांत फेडला जात नाही. आपलं घरदार सोडून जाणारा जोडीदार, बहुतेक वेळा बायको, तो परावलंबनाच्या रूपात फेडत राहते.

आधी सेवेच्या मोलाचं पाहू. एखादा अर्ज तपासायला सरकारला किती खर्च येतो, याचा तक्ता ब्रिटिश गृहखातं स्वतःच प्रसिद्ध करतं. कायम वास्तव्याचा अर्ज हातावेगळा करायला त्यांना २०२५ मध्ये पाचशे पौंडांच्या आसपास खर्च येत होता आणि अर्जदाराकडून ३,०२९ घेतले जात होते. यात लपवाछपवी नाही. खर्चापेक्षा जास्त फी लावायची मुभा २०१४ च्या इमिग्रेशन कायद्यानेच दिलेली आहे, आणि इमिग्रेशन यंत्रणेचा भार करदात्यांऐवजी ती वापरणाऱ्यांनी उचलावा असं धोरण उघडपणे मांडलेलं आहे. आरोग्य अधिभाराची चाल याहून बोलकी आहे. एप्रिल २०१५ पूर्वी तो नव्हताच. तेव्हा वर्षाला २०० पौंडांनी सुरुवात झाली, जानेवारी २०१९ मध्ये ४००, ऑक्टोबर २०२० मध्ये ६२४ आणि फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५. नऊ वर्षांत पाचपटीहून जास्त. हा अधिभार भरून तिकडे पोचलेली सून किंवा जावई नोकरीला लागला की पगारातून प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स इतरांसारखाच कापला जातो, आणि ब्रिटनची आरोग्यसेवा मुख्यतः करांवरच चालते. म्हणजे एकाच दवाखान्याचे पैसे दोन खिडक्यांवर भरायचे. ऑस्ट्रेलियाने तर आडपडदाही ठेवला नाही. २०१४ च्या अखेरीस, अर्थसंकल्पाच्या सहामाही आढाव्यात, महसूलवाढीचा उपाय म्हणून तिथल्या सरकारने जोडीदार व्हिसाची फी वाढवली आणि १ जानेवारी २०१५ पासून ती दीडपट होऊन ६,८६५ डॉलर झाली. जुलै २०२५ मध्ये ती ९,३६५ ऑस्ट्रेलियन डॉलरवर पोचली. अर्ज तपासणाऱ्या कारकुनाचं काम काही एका रात्रीत दीडपट झालं नव्हतं.

फी कर्ज काढूनही भरता येते. उत्पन्नाच्या अटीला तो उपाय नाही. जोडीदाराला बोलावणाऱ्या ब्रिटिश नागरिकाची किंवा कायम रहिवाशाची वार्षिक मिळकत किमान अमुक हवी, हा नियम जुलै २०१२ मध्ये आला तेव्हा आकडा १८,६०० पौंड होता. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांनी तो ३८,७०० पर्यंत नेण्याचं जाहीर केलं. ओरड झाल्यावर पायरीपायरीने जायचं ठरलं आणि ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० लागू झाला. सरकार बदललं, पुढच्या पायऱ्या थांबल्या, पण २९,००० खाली आला नाही. या आकड्याला पगारांशी ताडून पाहावं. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये प्रौढ कामगाराचं किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झालं. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही दिवस बिनपगारी न जाता काम केलं तरी त्या दराने २५,४०० पौंड होत नव्हते. कायद्याने जो पगार पुरेसा मानला, तो पूर्णवेळ कमावणारा माणूस लग्न करू शकतो, बायकोला सोबत आणू शकत नाही. ३८,७०० हा आकडा तर कुशल कामगाराला नोकरीसाठी आणताना द्यायच्या किमान पगाराचा होता. सरकारनेच नेमलेल्या स्थलांतर सल्लागार समितीने जून २०२५ च्या अहवालात या जोडणीमागचं तर्कशास्त्र आपल्याला कळत नसल्याचं नोंदवलं आणि २३,००० ते २८,००० च्या दरम्यानचे पर्याय सुचवले. परदेशी वेल्डर आणणारा कारखानदार आणि स्वतःची बायको आणणारा नवरा यांना एकच पट्टी लावली की काय होतं, ते समितीला सांगावं लागलं.

या अटीचे बारकावे आपल्याकडच्या घरांना थेट बोचणारे आहेत. समजा, मुलगी पुण्यात आयटी कंपनीत वर्षाला पंचवीस लाख कमावते आणि ज्याच्याशी लग्न ठरलं तो ब्रिटिश नागरिक मुलगा तिकडे शाळेत साहाय्यक आहे. पहिल्या अर्जात तिची भारतातली कमाई शून्य धरली जाते. हिंजवडीतला तिचा अनुभव तिकडे गेल्यावर लगेच कामाला येईल, हे अर्जात सांगायला रकाना नाही. मोजायचा तो बोलावणाऱ्याचा पगार, तोही सहसा एकाच मालकाकडे सहा महिने टिकलेला, सहा महिन्यांच्या पे-स्लिपा आणि बँकेच्या खात्यातल्या नोंदी पेनीला पेनी जुळलेल्या. पगार कमी असेल तर बचत दाखवता येते, पण ती किती? केवळ बचतीवर भागवायचं तर ८८,५०० पौंड, म्हणजे एक कोटी रुपयांच्या वर, आणि ही रक्कम सहा महिने दोघांच्या किंवा दोघांपैकी एकाच्या ताब्यात असल्याचं सिद्ध करायचं. वडिलांनी भेट म्हणून दिलेले पैसे चालतात, उसने चालत नाहीत. ज्याच्या बापाकडे कोटभर रुपये नुसते पडून आहेत त्याच्यासाठी ही सवलत आहे, असं म्हणायला हरकत नाही.

अर्ज तपासणं खरोखरच महाग असतं, किंवा अशा लग्नांनी तिजोरीवर खरोखरच असह्य भार पडत असता, तर ब्रिटनला ही फी सगळ्यांकडून घ्यावी लागली असती. तशी ती घेतली जात नव्हती, याचा पुरावा गोव्यातून मिळतो. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क सांगता येतो. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर ब्रिटनमध्ये गेले, स्विंडन शहरात तर त्यांची मोठी वस्ती झाली. ब्रिटन युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या नियमांत होता तोवर, म्हणजे ३१ डिसेंबर २०२० पर्यंत, गोदामात काम करणारा पोर्तुगीज पासपोर्टधारक सासष्टीकर आपल्या भारतीय बायकोला फॅमिली परमिटवर आणू शकत होता. परमिटची फी शून्य. आरोग्य अधिभार नाही. १८,६०० पौंडांची अट नाही. त्याच गोदामात, त्याच पाळीत, शेजारच्या पट्ट्यावर खोकी भरणाऱ्या जन्माने ब्रिटिश कामगाराला मात्र पुण्याची किंवा मडगावची बायको आणायला सगळं भरावं लागे. अर्ज तपासणारं गृहखातं तेच, दवाखाना तोच, पगार तोच. स्वतःच्या नागरिकाला परक्या देशाच्या नागरिकाहून कमी हक्क, असा हा उफराटा न्याय ब्रिटिशांनाही कळत होता. सुरिंदर सिंग नावाच्या भारतीयाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९९२ मध्ये निकाल दिला होता की ब्रिटिश नागरिक दुसऱ्या सदस्य देशात काम करून परतला, तर त्याच्या जोडीदाराला युरोपीय नियमांचं संरक्षण मिळतं. सिंग यांची पत्नी ब्रिटिश होती आणि दोघं जर्मनीत काम करून परतले होते. २०१२ नंतर कमी पगाराच्या अनेक ब्रिटिश जोडप्यांनी हाच रस्ता धरला. आयर्लंडसारख्या देशात काही महिने बिऱ्हाड हलवायचं, तिथं काम करायचं आणि मग सुरिंदर सिंगच्या नावाने आपल्याच देशात शिरायचं. ब्रेक्झिटने तो रस्ताही बंद केला.

खोट्या लग्नांचा आक्षेप सगळ्यात आधी पुढे येतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. व्हिसासाठी लावलेली लग्नं होतात, त्यांचे दलाल असतात, आपल्याकडेही अशा जाहिराती पाहणाऱ्यांना हे सांगायला नको. पण फी हा त्यावरचा उपाय कसा, हे कोणी दाखवून देत नाही. दलालाच्या गिऱ्हाइकाला बारा हजार पौंड हा धंद्यातला खर्च वाटतो. तो ते भरतो आणि कामाला लागून वसूल करतो. अडतो तो केअर होममध्ये रात्रपाळी करणारा माणूस, ज्याचं लग्न खरं आहे आणि पगार कमी. खोट्या लग्नांसाठी वेगळी यंत्रणा आहेच. संशयित प्रकरणात विवाहनोंदणीची २८ दिवसांची नोटीस ७० दिवसांपर्यंत लांबवून चौकशी करता येते, मुलाखती घेता येतात. ही यंत्रणा असताना पैशांची भिंत उभी करण्याचा अर्थ समजून घ्यायचा तर थोडं मागे जायला हवं. जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरोखरच अविवाहित आहे का हे पाहण्यासाठी, कौमार्यतपासणी करण्यात आली. बातमी फुटली, गदारोळ झाला, ती पद्धत थांबली. मग आला ‘मुख्य हेतू’चा नियम. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणं हा नव्हता, हे जोडप्याने सिद्ध करायचं. नसलेली गोष्ट सिद्ध कशी करायची, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. या नियमाने उपखंडातले नवरे वर्षानुवर्षं अडकले आणि १९९७ मध्ये तो रद्द झाला. मधल्या काळात, १९८५ साली, स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटनला फटकारलं होतं, कारण पुरुषाला बायको आणणं सोपं आणि बाईला नवरा आणणं अवघड होतं. सरकारने समानता आणली ती पुरुषांसाठीही अवघड करून. आधी शरीर तपासलं, मग मन तपासलं, आता बँक खातं तपासतात. तिसरी पद्धत पहिल्या दोन्हींपेक्षा सभ्य दिसते आणि म्हणूनच तिच्यावर गदारोळ होत नाही.

करदात्याने भार का सोसावा, हा दुसरा प्रश्न. याचं अर्धं उत्तर दुहेरी आरोग्यखर्चात आलंच आहे. उरलेलं अर्धं असं की जोडीदार व्हिसावर आलेल्या व्यक्तीला कायम वास्तव्य मिळेपर्यंत बेरोजगारी, घरभाडं वगैरे सरकारी साहाय्य मिळतच नाही, तशी अट व्हिसावरच असते. जो भार कायद्याने आधीच नाकारलेला आहे, त्याच्या भीतीने उत्पन्नाची अट लावायची, हे एकाच जोखमीवर दोन विमे उतरवण्यासारखं झालं. तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली. मुलांच्या हिताचा विचार नियमांत नीट झालेला नाही आणि उत्पन्नाचे इतर स्रोत फार कडकपणे नाकारले जातात, असे ताशेरे ओढले, पण अट रद्द केली नाही. तेव्हा तिला बेकायदा म्हणता येणार नाही. कायद्यात बसणारी गोष्ट न्याय्य असतेच असं मात्र नाही. कमी पगाराच्या कामांत बायकांचं प्रमाण जास्त, लंडनबाहेर पगार कमी, मुलं सांभाळत अर्धवेळ काम करणारीला तर २९,००० स्वप्नवत. नवऱ्याला बोलावू पाहणारी लेस्टरची परिचारिका-साहाय्यक आणि बायकोला बोलावणारा लंडनचा बँकर यांना कायदा सारखाच लागू आहे, एवढाच त्याचा समतेचा दावा.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो. लग्नात पंधरा-वीस लाखांचा धुरळा उडवणाऱ्यांना व्हिसाचे चौदा लाख जड का व्हावेत? टोमणा मार्मिक आहे आणि काही घरांना तो लागूही पडतो. पण लग्नातला खर्च दोन घरांत वाटला जातो, कमी करता येतो, नोंदणी पद्धतीने लग्न केलं तर जवळजवळ टाळताही येतो. व्हिसाचा खर्च टाळता येत नाही, आणि लग्न उरकून वडीलधारे आपापल्या गावी परतल्यावर तो दोघांच्याच गळ्यात राहतो. तितकाच जवळचा आक्षेप, मग दोघांनी भारतातच का राहू नये? राहावं की, ज्यांना जमेल त्यांनी. मात्र आपणही काही दार सताड उघडं ठेवलेलं नाही. परदेशी जोडीदाराला परदेशस्थ भारतीय नागरिक (ओसीआय) कार्ड मिळायला लग्नाची नोंदणी होऊन ते सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं आणि घटस्फोट झाला की ते कार्ड रद्द होऊ शकतं. फरक रकमेचा आहे. ओसीआयची फी भारतात पंधरा हजार रुपये आहे, पंधरा लाख नाही.

महाग न करताही हे काम भागतं, याची उदाहरणं आहेत. कॅनडात जोडीदाराला कायम रहिवासी म्हणून नेण्याची एकूण सरकारी फी २०२५ मध्ये १,२०५ कॅनेडियन डॉलर होती आणि बायोमेट्रिकचे ८५. सामान्यतः किमान उत्पन्नाची अट नाही. बोलावणाऱ्याने तीन वर्षं जोडीदाराच्या पालनपोषणाची हमी घ्यायची, एवढंच. जर्मनीत लग्नाच्या व्हिसाची फी ७५ युरो. तिथं अडसर आहे तो भाषेचा. २००७ पासून जोडीदाराला निघण्यापूर्वी ए-१ पातळीची जर्मन यावी लागते, आणि पुण्याच्या मॅक्समुलर भवनात नवविवाहिता त्यासाठी बाकावर बसतात. अडसर हाही आहेच, पण त्यात खर्ची पडलेल्या वेळातून हाती काही लागतं.

कॅनडाकडून शिकण्यासारखं आणखी एक आहे. २०१२ मध्ये तिथंही खोट्या लग्नांच्या भीतीने अट आली, की नव्या जोडीदाराने दोन वर्षं बोलावणाऱ्यासोबत राहिलंच पाहिजे, नाहीतर कायम वास्तव्य जाईल. छळ होत असलेल्या बायका या अटीपायी घर सोडेनात, हे ध्यानात आल्यावर एप्रिल २०१७ मध्ये सरकारने ती काढून टाकली. ब्रिटनमध्ये हीच टांगती तलवार पाच वर्षांची आहे, आणि तिच्या जोडीला पैशाचा धाक. तेहेतीस महिने संपत आले की पुन्हा जवळपास चार हजार पौंड उभे करायचे, अर्जाला नवऱ्याच्या पे-स्लिपा जोडायच्या. त्याने त्या दिल्याच नाहीत तर? ‘तुझ्यावर इतके पौंड घातलेत’ हे वाक्य भांडणात यायला वेळ लागत नाही, कारण आकडा पावतीवर छापलेला असतो. घरगुती हिंसा सिद्ध केल्यास कायम वास्तव्याचा वेगळा मार्ग आहे आणि निराधार झालेल्या जोडीदाराला तीन महिन्यांची तात्पुरती सवलत २०१२ पासून मिळते. हे मार्ग चांगलेच आहेत, फक्त लग्न होऊन सहा महिने झालेल्या, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या मुलीला ते ठाऊक असायला हवेत. आपल्या बाजूने काय तयारी आहे? अनिवासी भारतीयांच्या लग्नांची तीस दिवसांत नोंदणी सक्तीची करणारं विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि तिथंच राहिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७ व्या अहवालात अशा लग्नांसाठी सर्वंकष कायदा सुचवला. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला, स्कॉच व्हिस्कीवरचं आयातशुल्क दीडशे टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने चाळीसवर आणायचं ठरलं. सुनेवरच्या शुल्काचा विषय त्या टेबलावरचा नव्हता.

सरकारं बदलतील तेव्हा बदलतील. तोवर ज्यांच्या घरी ब्रिटनचं स्थळ आलं आहे, त्यांनी याद्या करतानाच या खर्चाचा वेगळा कागद करावा. पहिला अर्ज, मुदतवाढ आणि कायम वास्तव्य या तिन्ही टप्प्यांची रक्कम कोण, कधी, कोणत्या खात्यातून भरणार, ते त्यात लिहावं. मुलाकडून ‘व्हिसाचं तेवढं तुम्ही बघा’ अशी मागणी आली, तर लग्नाच्या संदर्भात मागितलेला पैसा १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, हे बोलून दाखवायला संकोच करू नये. बोलावणाऱ्याचा पगार २९,००० च्या वर सहा महिने झालाय का, हे कार्यालयाची तारीख ठरवण्याआधी पाहावं. अर्जाच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड, पावत्या आणि विवाहनोंदणीचा मूळ दाखला जाणाऱ्या जोडीदाराच्या स्वतःच्या ताब्यात असावा. आणि घाईघाईत अर्धवट कागदांवर अर्ज ठोकू नये. अर्ज नाकारला गेला तर आरोग्य अधिभार परत मिळतो. अर्जाची फी मिळत नाही.